चार्ज यादीबाहेरची वही

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाची बदली आता ऑनलाइन होते. 7 एप्रिल 2021 च्या शासन निर्णयाने जिल्ह्यांतर्गत बदल्यांची जी पद्धत घालून दिली, तिच्यात अवघड, म्हणजे दुर्गम, क्षेत्रात सलग 3 वर्षं झालेला शिक्षक बदलीस अधिकारपात्र ठरायचा आणि पोर्टलवर 30 पर्यंत शाळांचा पसंतीक्रम देऊ शकायचा. पेठ तालुक्यातली माझी शाळा अवघड क्षेत्रातली होती आणि माझी तिथली वर्षं 3 च्या कितीतरी पुढे गेली होती. दरवेळी अर्ज भरायचा विचार यायचा आणि दरवेळी पुढच्या वर्षावर जायचा. शेवटी सासूबाईंचं आजारपण वाढलं आणि पावसाळ्यात सावळ घाटातून रोज जा-ये करणं अंगावर यायला लागलं, तेव्हा अर्ज भरला.

पसंतीक्रम भरणं वाटतं तितकं सोपं नसतं. नाशिक जिल्ह्यात 15 तालुके. सुरगाणा-पेठ-इगतपुरीकडे पावसाने छप्पर गळतं आणि येवला-नांदगावकडे लोक ढगांकडे बघत बसतात. यादीत शाळेचं नाव दिसतं, शाळेचा सरकारी ओळख क्रमांक (यू-डायस) दिसतो, रिक्त जागा दिसते. वर्ग कसा आहे, गाव शाळेच्या पाठीशी उभं राहतं का, याचा काहीच पत्ता लागत नाही. मी घरापासूनचं अंतर बघून निफाड आणि दिंडोरी तालुक्यातल्या शाळा वर टाकल्या. ऑर्डर आली ती निफाडची. पहिली ते सातवीची शाळा, द्राक्षाच्या पट्ट्यातली.

ऑर्डर आल्यावर सगळे अभिनंदन करतात. करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण त्या दिवसापासून कार्यमुक्त होईपर्यंतचा काळ फार अडचणीचा. वार्षिक परीक्षा, निकालपत्रकं, संचयी नोंदपत्रकं, चौथीच्या मुलांचे दाखले, हे नेहमीचं काम तर असतंच. चौथीनंतर आमची बरीच मुलं आश्रमशाळेत पाचवीला जातात. तिथे दाखला वेळेत पोचला नाही किंवा आधारवरचं नाव आणि जनरल रजिस्टरमधलं नाव जुळलं नाही की मूल जूनमध्ये घरीच राहतं आणि मग गुरांमागे जातं. म्हणून मी आधी दाखल्यांचं काम उरकलं. ज्या नावांत फरक होता, त्यांच्या पालकांना एप्रिलमध्येच पेठला आधार केंद्रावर पाठवलं. एप्रिलमध्ये त्या बायकांना अर्धा दिवस मोकळा काढणं किती जड जातं, हे तिथे राहिलेल्यालाच कळेल. आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडणारा हा तालुका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो. सकाळचा सगळा वेळ पाण्यातच जातो. तरीही त्या गेल्या.

मग चार्ज, म्हणजे पदभार सोपवणं. शाळा द्विशिक्षकी, मुख्याध्यापकाचा प्रभार माझ्याकडे, म्हणजे सगळा चार्ज मीच द्यायचा. जनरल रजिस्टर, हजेरी, डेडस्टॉक म्हणजे शाळेच्या सामानाची नोंदवही, कॅशबुक, पासबुक, चेकबुक, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त, पोषण आहाराची साठा नोंदवही. बँकेत सही बदलायची म्हणून समितीची सभा बोलावून ठराव घ्यायचा. तांदूळ मोजायचा. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, त्यामुळे हजेरी, शिजवलेला तांदूळ आणि कोठीतला शिल्लक तांदूळ या तिन्हींचा मेळ बसावाच लागतो. आमच्या स्वयंपाकी मावशींनी पोती तराजूवर चढवली, मी आकडे लिहिले. खुर्च्या, टेबलं, फळे, टीव्ही, गॅसची शेगडी, टाकी, कुलपं किल्ल्यांसकट. सरल आणि यू-डायस प्लस या शाळेची माहिती भरायच्या पोर्टलचे पासवर्डसुद्धा एका कागदावर लिहून द्यायचे. शाळेतली प्रत्येक वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली, हे त्या यादीवरून सांगता येतं.

यादी पूर्ण झाली तेव्हा माझ्यापुढे एक प्रश्न उभा राहिला आणि तोच मला आज इथे लिहायचा आहे. यादीत सतरंज्यांचीही नोंद होती. मुलांचा मात्र फक्त पट होता. इयत्तेवार मुलगे किती, मुली किती, एकूण किती. त्या मुलांबद्दल मला जे माहीत होतं, ते माझ्याबरोबर घाट उतरून जाणार होतं.

माझ्या जागी कोण येणार हे ठरलेलं नव्हतं. जागा काही काळ रिकामी राहील असंच दिसत होतं. माझे सहकारी सर तिसरी-चौथी बघत, पहिली-दुसरी माझ्याकडे. आता चारही वर्ग काही दिवस त्यांच्या एकट्यावर येणार होते. मी शंभर पानी वही घेतली आणि एकेका मुलाला एकेक पान दिलं.

पहिल्या पानाला फार वेळ लागला. प्रगतीपत्रकाची भाषा हाताला इतकी बसलेली असते की ‘वाचनात रस घेतो’, ‘अधिक सरावाची गरज’ अशी वाक्यं आपोआप उतरतात. ती नव्या माणसाच्या काय उपयोगाची? मी ती खोडली आणि उद्या सकाळी वर्गात उभं राहणाऱ्याला जे लागेल तेवढंच लिहायचं ठरवलं. या मुलीला घरी कोकणा बोलायची सवय आहे, मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर द्यायला वेळ लागतो. ती गप्प आहे म्हणून पुढच्या मुलाकडे जाऊ नका. हा मुलगा पुस्तक नाकाला लावून वाचतो. आरोग्य तपासणीचं पथक आलं की याचे डोळे आधी दाखवा. ही धाकट्या भावाला कडेवर घेऊन येते. त्याला घरी ठेवून ये म्हटलं तर हीच यायची बंद होईल, त्याच्यासाठी मागे एक पाटी ठेवलेली आहे. याला फिट येते. आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आईचा फोन लागत नाही, शेजारच्या घरातला नंबर खाली लिहिला आहे. हा शंभरपर्यंत अंक ओळीने म्हणतो पण सत्तेचाळीस काड्या मोजून दे म्हटलं की अडतो. दहाचे गठ्ठे बांधून दिले की जमतं, काड्या कपाटात खालच्या खणात आहेत.

एक रकाना मी सगळ्या पानांवर ठेवला: दिवाळीनंतर कुठे. भात आणि नागली घरात आली की पेठ-सुरगाण्यातली कितीतरी कुटुंबं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. छाटणी झालेल्या बागांत काड्यांना पेस्ट लावणं, फुटवे काढणं, घडांची विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं आणि शेवटी खुडणी. काही जण रोज पहाटे पिकअपमधून जातात आणि रात्री परततात, काही मार्च-एप्रिलपर्यंत बागेच्या कडेलाच राहतात. राहणाऱ्यांबरोबर मुलंही जातात. दरवर्षी डिसेंबरात माझ्या हजेरीत खाडे वाढायचे ते यामुळे. कोणतं घर कुठल्या गावात, कुणाच्या बागेत जातं, हे मला वर्षानुवर्षं विचारून माहीत झालं होतं. ते सगळं लिहिलं. आपण स्वतः त्याच भागात चाललो आहोत, ही गोष्ट लिहितानाच माझ्या मनात पक्की बसली.

वही सरांकडे दिली. चार्ज यादीवर सह्या झाल्यावर त्यांनी तीही यादीत शेवटच्या क्रमांकावर लिहून घेतली, ‘विद्यार्थी माहिती वही, 1 नग’. त्यांनी ते स्वतःहून केलं याचं मला फार बरं वाटलं.

कार्यमुक्तीचा आदेश, अंतिम वेतन प्रमाणपत्र, सेवापुस्तक एका पंचायत समितीतून दुसरीत, शालार्थ या पगाराच्या प्रणालीत नाव इकडून तिकडे, हे सगळं यथावकाश झालं. ते कसं झालं यात सांगण्यासारखं काही नाही.

निफाडच्या शाळेत मी सुट्टीआधीच हजर झाले. त्यामुळे मला एक मोठी सोय मिळाली: वर्ग भरायच्या आधी गाव बघायला वेळ मिळाला. मला दुसरी दिली होती. त्या वर्गाला पहिलीत शिकवणाऱ्या बाईही बदलून दुसऱ्या तालुक्यात गेल्या होत्या. लेखी काही मिळण्याची शक्यता नव्हती, म्हणून मुख्याध्यापकांकडून त्यांचा नंबर घेऊन फोन केला. ओळखदेख नसताना त्या माझ्याशी भरपूर बोलल्या. एकेका मुलाचं नाव घेऊन सांगत होत्या, मी लिहीत होते. मध्येच थांबून म्हणाल्या, “अहो, हे कुणी विचारलंच नव्हतं मला.” त्यांच्या आवाजात जे होतं ते मी ओळखत होते. आपण घडवलेला वर्ग सोडून येताना शिक्षकाकडे सांगण्यासारखं खूप असतं आणि ते ऐकायला समोर कुणी नसतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अंगणवाडी सेविकेबरोबर दाखलपात्र मुलांचं सर्वेक्षण केलं. पेठला वस्ती एकवटलेली, एका टेकाडावर सगळी घरं. इथे लोक मळ्यांत राहतात. एका घरातून दुसऱ्या घरी जायला बांधावरून, पाटाच्या कडेने चालावं लागतं आणि प्रत्येक मळ्यात कुत्रं. सकाळी इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बस त्याच रस्त्यांवरून मुलं गोळा करतात. एका घरात आजोबा म्हणाले, “मॅडम, तुमची शाळा चांगलीय, आम्ही तिथंच शिकलो. पण आता पोरांना इंग्रजी लागतंय.” मी वाद घातला नाही. पहिलीपासून आमच्याकडेही इंग्रजी विषय आहे, एक दिवस येऊन वर्गात बसा, एवढं सांगितलं. ते ‘पहिले पाऊल’ या पहिलीत येणाऱ्या मुलांच्या तयारीच्या मेळाव्याला आले, नातवाबरोबर प्रत्येक टेबलापाशी थांबले, उड्या मारणं, चित्र ओळखणं, वस्तू मोजणं सगळं बघितलं आणि निघताना जन्मदाखल्याची झेरॉक्स देऊन गेले.

वर्गखोलीची तयारी मी मुद्दाम थोडी केली. बऱ्याच शाळांत जूनच्या आधी भिंती तक्त्यांनी भरून टाकतात आणि मुलं महिन्याभरात त्यांच्याकडे बघायची थांबतात. मी जुने फाटके तक्ते काढले, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर दोन दोऱ्या बांधल्या आणि त्या मोकळ्या सोडल्या. त्यांवर जे लागेल ते मुलांच्या हातचं. वाचनकोपऱ्यासाठी गोष्टींची पुस्तकं कपाटातून बाहेर काढली. ती नवीकोरी होती, कारण कुलपात होती. पुस्तकं फाटली तर फाटू द्या, मी भरून देईन, असं मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी किल्ली माझ्याकडेच ठेवायला दिली.

पाठ्यपुस्तकांची मागणी यू-डायसवरच्या पटावरून आधीच गेलेली असते. त्यामुळे जूनमध्ये नव्याने आलेल्या मुलाला कधी पुस्तक कमी पडतं. मी तिसरीत गेलेल्या मुलांकडून दुसरीची चांगली जुनी पुस्तकं मागून घेतली, कव्हर घातली आणि एक गठ्ठा बाजूला ठेवला. तो कोणासाठी, हे तेव्हा मी कुणाला बोलले नव्हते.

15 जूनला प्रवेशोत्सव झाला. फुगे, तोरण, पहिलीच्या मुलांच्या पावलांचे कुंकवाच्या पाण्यात ठसे, गोड शिरा. पहिले दोन आठवडे मी पुस्तक उघडलं नाही. एकेकाला जवळ बसवून वाचायला लावलं, मोजायला लावलं, गप्पा मारल्या. इथली मुलं भरभर बोलतात. लासलगावला आज कांदा काय भावाने गेला, हे सात वर्षांचा मुलगा सांगतो. एका कॅरेटमध्ये किती किलो द्राक्षं बसतात, यावर वर्गात भांडण होतं. पेठच्या मुलांना मी मोहाची फुलं आणि नागलीचे दाणे घेऊन गणित शिकवलं होतं, इथे कॅरेट, क्विंटल आणि ट्रॅक्टरच्या खेपा. पण लिहायची वेळ आली की दोन्हीकडची मुलं एकाच जागी अडतात: जोडाक्षराशी आणि हातच्याशी. त्या बाबतीत घाटावरचं आणि सपाटीवरचं मूल सारखंच. फोनवर मिळालेल्या माहितीने माझे किमान काही आठवडे वाचले. कुणाला पुढे बसवायचं, कुणाला एकट्याने वाचायला आवडतं, कुणाचे वडील नुकतेच गेलेत आणि त्याच्यापुढे कोणता धडा जपून घ्यायचा, हे मला पहिल्या दिवशी माहीत होतं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि शाळेजवळच्या बागांमध्ये टोळ्या दिसायला लागल्या. माझ्याकडे वहीतल्या त्या रकान्याचे फोटो फोनमध्ये होते. त्यातली दोन गावं आमच्या शाळेपासून लांब नव्हती. मी मुख्याध्यापकांशी बोलले. हंगामी स्थलांतराने आलेल्या मुलाला जवळच्या शाळेत बसवून घ्यायचं, त्याच्यासाठी मूळ शाळेने द्यायचं शिक्षण हमी कार्ड असतं, हे त्यांना माहीत होतं. कार्ड हातात घेऊन मात्र कुणी येत नाही, असा त्यांचा अनुभव होता. तो खराही आहे. पालक अंधारात निघतात, मूळ शाळेला कळतं तेव्हा गाडी घाट उतरून गेलेली असते.

म्हणून आम्ही बागांमध्ये गेलो. शाळा सुटल्यावर, मुख्याध्यापक, मी आणि व्यवस्थापन समितीच्या एक सदस्य ताई. त्यांची स्वतःची बाग आहे, त्यामुळे बागायतदारांशी बोलणं सोपं झालं. तिसऱ्या की चौथ्या बागेत, औषधाच्या टाकीमागे भावाला खेळवत बसलेली मुलगी मला बघून उभी राहिली. वहीत जिच्या पानावर ‘भावाला घेऊन येते’ असं लिहिलं होतं, तीच. “बाई, तुमी इथं?” एवढंच म्हणाली आणि आईला हाक मारायला पळाली.

आईला समजवावं लागलं नाही. अडचण एकच होती, धाकट्याचं काय करायचं. आमच्या शाळेच्या आवारातच अंगणवाडी आहे, सेविका ताई त्याला बसवून घ्यायला तयार झाल्या. बागायतदाराने सकाळी दूध घालायला जाणाऱ्या गाडीवरून मुलांना शाळेपर्यंत सोडायचं कबूल केलं आणि हंगामभर सोडलं. त्या बागेतून आणि शेजारच्या बागांतून मिळून बरीच मुलं आली, वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या इयत्तांची. कोण किती शिकलंय याचा कागद एकाचाही नव्हता. त्या एका मुलीबद्दलच मला माहीत होतं की ती कुठे थांबली आहे आणि तिला तिथून पुढे नेता आलं. बाकीच्यांची चाचपणी करण्यात डिसेंबर गेला. त्यांतल्या काहींना एप्रिलमध्ये परत जायचं होतं, म्हणजे हातात जेमतेम साडेतीन महिने. या मुलांचा एक महिना जातो तेव्हा काय जातं, ते मला पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं.

बाजूला ठेवलेल्या पुस्तकांचा गठ्ठा तेव्हा सोडला.

वर्गातल्या मुलांनी त्यांना लगेच सामावून घेतलं असं मी म्हणणार नाही. पहिले काही दिवस ती मागे एकत्र बसत. मग मी गणिताला जोड्या पाडल्या, एक इथलं, एक तिथलं. पेठच्या मुलांना डोंगर, नाले, रानभाज्या, पाखरं यांची जी माहिती आहे, तिला परिसराबद्दल बोलायच्या तासाला वर्गात तोड नव्हती. ते कळल्यावर मधल्या सुट्टीत जोड्या आपोआप टिकल्या.

मार्चअखेर खुडणी संपत आली तशी मी परतीची पानं लिहायला बसले. यावेळी प्रत्येक मुलाला एक पान, दोन प्रती. एक कार्डाला लावून पालकांच्या हातात, दुसरी मूळ शाळेला व्हॉट्सॲपवर. जुन्या शाळेतल्या सरांना त्या मुलीचं पान पाठवलं तेव्हा त्यांचा लगेच फोन आला. माझ्या जागेवर नोव्हेंबरमध्ये नवीन शिक्षक आले होते आणि सरांनी ती वही त्यांच्याकडे दिली होती. नव्या सरांनी त्यात प्रत्येक पानाखाली स्वतःची भर घातली आहे. फिट येणाऱ्या मुलाला ऑगस्टमध्ये वर्गात फिट आली होती, सर एकटेच होते, पान बघून त्यांनी कुशीवर वळवलं आणि शेजारच्या घरी फोन लावला. डोळ्यांच्या मुलाला चष्मा लागला आहे.

मी हे सगळं आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मांडलं. चार्ज यादीला मुलांच्या पानांची जोड द्यावी, एवढीच मागणी. काही जणांनी आणखी एक कागद वाढेल म्हणून नको म्हटलं आणि त्यांचं म्हणणं मला समजतं. शिक्षकांकडे कागद थोडे नाहीत. पण हा कागद वर कुठेही जात नाही, कुणी तो तपासायला मागत नाही, तो एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जातो. केंद्रप्रमुखांनी आपल्या केंद्रापुरतं करून बघू म्हटलं. पानावर चारच गोष्टी ठेवल्यात: मूल कुठवर आलंय, कुठे अडतं, त्याच्याशी वागताना काय जपायचं आणि दिवाळीनंतर ते कुठे असतं. येत्या मे महिन्यात आमच्या केंद्रातून दोन शिक्षिका बदलून जाणार आहेत. त्यांच्या पटाएवढी कोरी पानं मी छापून दिली आहेत. त्यांतल्या एकीने पहिलीची पानं लिहायला घेतलीसुद्धा आहेत आणि काल तिने विचारलं की पानाची मागची बाजू वापरली तर चालेल का, जागा पुरत नाही.